टाकी नसलेली गाडी

दुपारी दोन वाजता रामहरी झोपेतून उठला, ओट्यावर आला आणि पाहतो तर भिंतीतून आलेली चार्जिंगची वायर जमिनीवर लोळत पडलेली आणि गाडी जागेवर नाही. आता ही काही पहिली वेळ नव्हती. तरीही त्याने शर्टाच्या खिशात हात घालून चावी चाचपली, मग खुंटीकडे पाहिलं, मग घरात तोंड करून विचारलं, "कोनी नेली?"

"अंगद भाऊजी घेऊन गेले. चौफुलीवर चाललो म्हणाले, आलोच," सत्यशीला आतून म्हणाली.

चौफुली दीड किलोमीटरवर. शेजारच्या अंगदची चौफुली मात्र कधी राहुरीला असायची, कधी श्रीरामपूरला. रामहरीने वायर उचलली, झटकली आणि खुंटीला गुंडाळून ठेवली. एवढंच त्याच्या हातात होतं.

देवळाली प्रवराच्या आसपासच्या वस्त्यांवर रामहरीला सगळे डॉक्टर म्हणत. तो डॉक्टर नव्हता आणि आपण आहोत असं त्याने कधी म्हटलंही नाही. तो गायी भरवायचा. कृत्रिम रेतनाचा कोर्स केलेला, रेताच्या नळ्या गार ठेवणारा नायट्रोजनचा डबा गाडीला बांधलेला, आणि फोन आला की उसाच्या फडांमधल्या पाणंदी तुडवत जिथं असेल तिथं जायचं. या कामात हुशारीपेक्षा वेळेला किंमत जास्त. गाय सकाळी माजावर आली तर संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी दिसली तर सकाळी. वेळ चुकली की गाय पुन्हा तीन आठवडे थांबते, तेवढे दिवस ती खाते पण पुढचं वासरू आणि पुढचं दूध लांबतं, आणि मालक ते कधी विसरत नाही. बारा वर्षांत रामहरीने वेळ चुकवली नव्हती. त्याच्या धंद्यातली एवढीच एक गोष्ट त्याला अभिमानाने सांगता यायची, आणि तो ती सांगायचाही, जरा जास्तच.

दुसरा अभिमान गाडीचा. त्याची जुनी मोटारसायकल सगळ्या वस्तीची होती. सकाळची फेरी उरकून तो जेवून झोपला की गाडी मोकळी. कुणाला दळणाला जायचं असेल, कुणाला बँकेत, कुणाला पाहुणा सोडायला, त्याने चावी घ्यावी. "आपण कधी कोनाला न्हाई म्हणलो न्हाई," हे वाक्य तो डेअरीवर दुधाच्या रांगेत इतक्यांदा म्हणायचा की लोक त्याच्या आधीच मान डोलवायचे. आणि या भागात एक रीत आहे. ती कोणी घालून दिली माहीत नाही, पण लहान पोरालाही ठाऊक असते. दुसऱ्याची गाडी नेली की परत आणताना पेट्रोल टाकून आणायचं. जाणं दोन मैलांचं असो की वीस, पन्नासचं तरी टाकायचंच, लांब गेला तर शंभरचं. त्याबद्दल कोणी बोलत नाही. गाडी लावायची, चावी खुंटीला अडकवायची, "टाकलंय बरं का" एवढं म्हणायचं आणि निघायचं.

गेल्या वर्षी ती मोटारसायकल इंजिनातून आवाज करायला लागली आणि रामहरी नगरला गाड्या बघायला गेला. तिथं शोरूममध्ये मोनिका नावाची एक चुणचुणीत मुलगी होती. तिने त्याला खुर्ची दिली, चहा दिला आणि विचारलं, "काका, रोज किती किलोमीटर होतात?"

"साठ-सत्तर कुटं गेलेत?" रामहरी म्हणाला.

तिने कॅल्क्युलेटरवर बोटं चालवली. सत्तर किलोमीटर म्हणजे रोजचं सव्वाशे-दीडशेचं पेट्रोल. महिन्याचे चार हजार. विजेवर हेच पंधरा-वीस रुपयांत. शिवाय रस्ता कर माफ, सरकारची सूट किमतीतूनच वजा. "हप्ता साडेतीन हजार. म्हणजे काका, गाडी फुकट पडली तुम्हाला. पेट्रोलच्या पैशात हप्ता, वरच्या पाचशेत वीज," ती म्हणाली. रामहरीला हा हिशेब इतका आवडला की त्याने तिला तो पुन्हा करायला लावला. दुसऱ्यांदाही तेवढाच आला. मग त्याने अजून एकदा रस्ता कराचं विचारलं, कारण सरकारने आपल्याला काही माफ केलंय हे ऐकायला माणसाला फार बरं वाटतं.

जुनी मोटारसायकल बदल्यात गेली. निळी स्कूटर आली. सत्यशीलाने तिला हळदीकुंकू वाहिलं, लिंबू चाकाखाली ठेवलं. काकासाहेब, म्हणजे रामहरीचे चुलते, ज्यांना सगळी भावकी तात्या म्हणते, त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "हिची टाकी कुटंय?"

"टाकी न्हाई तात्या. पेट्रोलच लागत न्हाई."

"लागतच न्हाई?"

"फुकट चालती म्हना ना," रामहरी म्हणाला, आणि आपल्या पायावर केवढा मोठा धोंडा पाडून घेतोय हे त्या शहाण्याला कळलं नाही. हे वाक्य त्याने पुढचे पंधरा दिवस डेअरीवर, चौफुलीवर, लग्नाच्या मांडवात, दिसेल त्याला ऐकवलं. फुकट चालती. लोकांनी ते नीट ऐकून घेतलं.

पूर्वी पेट्रोलवाल्या गाडीची चावी मागायला माणूस जरा विचार करून यायचा. पन्नास रुपये जाणार म्हटल्यावर दळण उद्यावर ढकलायचा, नाहीतर सायकल काढायचा. आता तो विचारच संपला. काडेपेटी आणायला गाडी. शेजारच्या वस्तीवर ताकाचं भांडं परत करायला गाडी. अंगदच्या मेव्हण्याला नुसतीच चालवून बघायला गाडी, आणि ती त्याने ताहाराबादच्या रस्त्याने पार डोंगरापर्यंत चालवून बघितली. घेऊन जाताना लोक चार्जिंगची पिन काढायचे आणि परत आणल्यावर लावायची त्यांना आठवण नसायची. चावी खुंटीला अडकवताना आता कोणी काही बोलतही नव्हतं, कारण बोलण्यासारखं काही नव्हतं.

संध्याकाळी रामहरी डबा बांधून निघायचा तेव्हा काट्यावर कधी तीस टक्के, कधी बावीस. मग दुचाकी चालवण्याऐवजी तो आकडा चालवायचा. चढ आला की श्वास धरायचा. वस्तीवर पोचला की गाय बघायच्या आधी भिंतीत प्लग शोधायचा. "डॉक्टर, आधी मोबाईल चार्जिंगला लावत हुता, आता गाडी लावताय," असं एकदा एका म्हातारीने त्याला तोंडावर सुनावलं. लाईट असली तर पिन ढिली, पिन घट्ट असली तर लाईट नाही. शेतपंपाची लाईट असली तर ती रात्रीची. आणि लोक वर समजूत घालायचे की आता शेताच्या पंपाचं बिलच येत नाही, तेव्हा तुझ्या गाडीला लागून लागून काय लागणार. घराचा मीटर वेगळा असतो हे रामहरी सांगत बसायचा. कोणी ऐकायचं नाही.

तर त्या दिवशी दुपारी अंगद चौफुलीवर गेला तो गेलाच. आणि चार वाजता बायडाबाईचा फोन आला.

बायडाबाई म्हणजे कणगर रस्त्याची. नवरा गेल्यावर तीन गायींवर तिने घर चालवलं होतं. तिची मोठी गाय दोनदा उलटली होती, म्हणजे भरवूनही गाभण राहिली नव्हती, आणि या खेपेला राहिली नाही तर ती विकावी लागणार असं तिने रामहरीला आधीच सांगून ठेवलं होतं. "सकाळीच वरडत हुती. मला वाटलं दुसरं काय असंल. आता या बाबा लवकर. या खेपंला राह्यली पाहिजे," ती म्हणाली.

"निघालोच," रामहरी म्हणाला.

अंगद साडेपाचला आला. गाडीत सात टक्के होते. पलीकडच्या गावात ट्रॅक्टरच्या पार्टसाठी गेलो होतो, तिथं दुकान बंद, मग दुसऱ्या गावी गेलो, असं तो हसत हसत सांगत होता. रामहरीने त्याचं अर्धवटच ऐकलं. सात टक्क्यांत कणगर रस्ता होणार नव्हता. त्याने गाडी लावली, वस्तीत दोघातिघांच्या दारात जाऊन आला. एकाची मोटारसायकल गावाला गेलेली, एकाची पंक्चर, एकाने चावी दिली पण टाकी अगदी कोरडी. पंपापर्यंत ढकलत नेली, पेट्रोल टाकलं, डबा बांधला आणि बायडाबाईच्या गोठ्यात पोचला तेव्हा अंधार पडला होता आणि वैजनाथ हात धूत होता.

वैजनाथ बीडकडचा. सासुरवाडीला राहायला आलेला, तिशीतला, अबोल. त्यानेही हाच कोर्स केला होता. वर्षभर त्याला कोणी बोलावत नव्हतं, कारण डॉक्टर होते.

"मी किती फोन केले," बायडाबाई म्हणाली. ती रागावली नव्हती आणि तेच रामहरीला जास्त लागलं. "तुमी म्हणाले निघालो. मी वाट बगितली. मग म्हणलं गाय हातची जायची. ह्यांना बोलावलं. तुमी मनावर घेऊ नका, डॉक्टर."

रामहरी परत आला आणि त्याने घर डोक्यावर घेतलं. अंगदला शिव्या घातल्या, अंगदच्या मेव्हण्याला घातल्या, वीज मंडळाला घातल्या. बारा वर्षं आपण गावाला फुकट गाडी दिली, आणि हे पांग फेडले लोकांनी. सत्यशीला भाकरी थापत होती. त्याचा सगळा दम संपेपर्यंत तिने थापल्या आणि मग म्हणाली, "फुकट कुटं दिली?"

"मग काय भाडं घेतलं?"

"तुमी पेट्रोलला माझ्याकडून कितीक पैसे नेत हुता? सोमवारी दोनशे. कधी गुरुवारी दोनशे, कधी तेबी न्हाई."

रामहरीने मनातल्या मनात हिशेब मांडला. साठ-सत्तर किलोमीटर रोज आणि आठवड्याला दोनशे-चारशेचं पेट्रोल. असं कसं होईल? मोटारसायकल काही वाऱ्यावर चालत नव्हती.

"अंगद भाऊजी टाकायचे, तात्या टाकायचे, सगळेच टाकायचे," सत्यशीला म्हणाली. "जायचे हाकंच्या अंतरावर आन टाकायचे पन्नासचं. उरलेलं कोन फिरवायचं? तुमीच."

"मग नगरला जाताना का न्हाई बोललीस?"

"तुमी मला इचारलं व्हतं व्हय?"

रामहरी जेवला नाही. त्याला मोनिकाचा राग आला, मग त्या बिचारीचा तरी काय दोष, तिने किलोमीटर विचारले, याने सांगितले. टाकीत पेट्रोल कोण टाकतं हे तिच्या कॅल्क्युलेटरला कुठून कळणार? करमाफी खरी होती, सूट खरी होती, विजेचे पंधरा-वीस रुपयेही खरे होते. खोटे होते ते चार हजार. तेवढे त्याने कधी खर्चच केले नव्हते, म्हणून तेवढे वाचतही नव्हते, आणि साडेतीन हजारांचा हप्ता मात्र दर महिन्याच्या सात तारखेला न चुकता जात होता. बारा वर्षं ज्या मोठेपणावर तो डेअरीवर माना डोलवून घेत होता, तो मोठेपणा लोकांच्याच पेट्रोलवर चालत होता. हे त्याला कळलं, पण पटवून घ्यायला तो तयार नव्हता. त्याने कूस बदलली आणि अंगदलाच पुन्हा एक शिवी घातली.

दोन दिवसांनी अंगद चावी मागायला आला. काहीच झालं नसल्यासारखा. रामहरीने चावी दिली आणि म्हणाला, "चार्जिंगचे वीस रुपये देत जा आता."

अंगदला आधी ती चेष्टा वाटली. मग रामहरीचं तोंड बघून कळलं की चेष्टा नाही. "भाडं लावलं का, डॉक्टर?"

"भाडं कसलं? पेट्रोल टाकत हुतास ना आदी? तसंच."

"पेट्रोल मी गाडीत टाकायचो," अंगद म्हणाला. "तुमच्या हातावर न्हवतो ठेवत." त्याने खिशातून वीसची नोट काढली, ओट्यावर ठेवली, शेजारी चावीही ठेवली आणि पायी निघून गेला.

ती नोट तिथंच पडून होती. रामहरीला ती उचलवेना आणि उडून जाऊ द्यावी असंही वाटेना. शेवटी सत्यशीलाने उचलून अंगदच्या बायकोकडे परत दिली. तोपर्यंत संध्याकाळच्या दुधाला डेअरीवर बातमी पोचली होती की रामहरीनं गाडी भाड्यानं काढली. कोणी म्हणालं वीस रुपये, कोणी म्हणालं पन्नास, कोणी म्हणालं मीटर बसवणार आहे. रामहरी रांगेत उभा राहून सगळ्यांना समजावत होता की बाबांनो, भाडं नाही, विजेचा खर्च आहे, बॅटरी झिजते, नवी घ्यायची तर अर्ध्या गाडीचे पैसे लागतात. जितकं समजावलं तितकं ते भाड्यासारखंच ऐकू येत होतं. "आपण कधी कोनाला न्हाई म्हणलो न्हाई," असं तो शेवटी सवयीने म्हणाला, तर या वेळी कोणी मान डोलवली नाही.

पण एक झालं. चावी मागायला कोणी येईना. वायर भिंतीत जिथल्या तिथं, गाडी ओट्याखाली जिथल्या तिथं, काट्यावर शंभर टक्के. पहिला आठवडा रामहरी खूश होता. संध्याकाळी निघताना त्याला कुठल्याही चढाची भीती नव्हती. म्हटलं तर तो भंडारदऱ्याकडे अर्ध्या रस्त्यापर्यंत जाऊन आला असता.

मात्र जायला काही कारण लागतं. फोन कमी झाले. आधी त्याला वाटलं हंगाम नाही. मग वाटलं मोबाईल बिघडला, म्हणून सत्यशीलाला दोनदा फोन लावायला सांगितला, तो व्यवस्थित वाजला. पूर्वी चावी न्यायला आलेला माणूसच जाता जाता सांगायचा, आमची कालवड बघून जा, आमची गाय उलटली वाटतं. फोन करायची गरजच पडायची नाही. आता येणं बंद झालं तसं सांगणंही बंद झालं. गाडी शंभर टक्के भरून उभी आणि डॉक्टर ओट्यावर बसून. त्याची नुसती चिडचिड व्हायची आणि ती कोणावर काढावी हेही कळायचं नाही.

मग एका सकाळी तात्यांच्या गोठ्याकडून आवाज आला. तात्यांचा गोठा रामहरीच्या घरापासून दोन बांध पलीकडे. तो गेला तर तात्यांची काळी गाय खोड्यात उभी आणि वैजनाथ हातमोजा काढत होता. ही गाय रामहरीने स्वतः पारखून तात्यांना घेऊन दिली होती.

वैजनाथने त्याला रामराम केला आणि हात धुवायला विहिरीकडे गेला. रामहरीने तात्यांना गाठलं.

"तात्या, घरची गाय. दोन बांधावर मी हाय. मला हाक बी न्हाई मारली?"

तात्या बाजेवर बसले होते. त्यांना अवघडल्यासारखं झालं, पण त्यांनी नजर चुकवली नाही. "काल देवळालीला औषध आनायला गेल्तो. वैजनाथच्या गाडीवर. गाय माजावर आलीय हे गाडी परत देताना बोलन्यात आलं. तो म्हणला सकाळी येतो."

"त्याची गाडी कशापायी? माझी व्हती की. तुमाला मी पैसे मागितले का कधी? अंगदला मागितले. तुमाला मागितले का?"

"न्हाई मागितले."

"मग?"

"मग काय, रामहरी," तात्या म्हणाले. "त्याच्या टाकीत शंभरचं टाकलं आन चावी दिली. तो काय बोलला न्हाई, मी काय बोललो न्हाई. मोकळा झालो. तुझी नेली तर मी काय टाकू तिच्यात? तुझ्या हातावर पैसे ठेवले तर चुलत्यानं पुतन्याला भाडं दिलं असं व्हतं. न्हाई ठेवले तर मी फुकट्या ठरतो. आदी चार-सा वेळा नेली तशी, तवा बी मला चांगलं वाटत नव्हतं. तूच म्हणला फुकट चालती, म्हणून गप बसलो. आता तू सांग, काय टाकू?"

रामहरीला खूप बोलायचं होतं. न वाचलेले चार हजार, माफ झालेला कर, सात तारीख, बायडाबाईची गाय, सगळं एकदम ओठावर आलं होतं. पण त्यातलं काहीच गाडीत टाकता येण्यासारखं नव्हतं. तो बाजेच्या कडेला टेकला.

घरातून भामाबाई काकू बाहेर आल्या. त्यांच्या हातात दोन कप होते. एक त्यांनी तात्यांना दिला, एक विहिरीकडून येणाऱ्या वैजनाथसाठी कठड्यावर ठेवला. मग त्यांचं लक्ष रामहरीकडे गेलं.

"तू घेनार का रे च्या?" त्यांनी विचारलं.

या घरात गाय भरवली की चहा त्याच्यासाठी न विचारता यायचा. बारा वर्षं तसाच आला होता. घेणार का, असं काकूंनी त्याला आज पहिल्यांदा विचारलं होतं.

"नको काकू," रामहरी म्हणाला, "झालाय माझा." आणि झाला नसतानाही तो तिथून उठला.